लेकरांची सभा, लेकरांची वही

जुलै लागला की आमच्याकडच्या हायस्कुलांत दोन कार्यक्रम हमखास होतात. एक शालेय मंत्रिमंडळाचा शपथविधी, दुसरा वाङ्मय मंडळाचं उद्घाटन. शपथविधीला मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री अशी नावं पुकारतात आणि लेकरं छातीला बिल्ला लावून ओळीनं उभी राहतात. उद्घाटनाला पंचक्रोशीतले एखादे कवी येतात, सरस्वतीला हार, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ. फोटो त्याच दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, जमलं तर पेपरच्या तालुका पानावरही येतो. त्यानंतर पुढच्या जुलैपर्यंत त्या मुख्यमंत्र्याला एक सभा घ्यावी लागत नाही, आणि वाङ्मय मंडळाला एक ओळ लिहावी लागत नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं मराठी शिकवतो. असे शपथविधी आणि अशी उद्घाटनं मी स्वतः घडवून आणलेली आहेत, त्यामुळे त्यांची जबाबदारी माझ्याकडेही येते. पण गेल्या सात-आठ वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. या दोन मंडळांची आपण उगीच ताटातूट केली आहे. विद्यार्थी मंडळाला स्वतःची भाषा नसेल तर ती फळ्यावरची नावांची यादी राहते. वाङ्मय मंडळाला ठरवायला काहीच नसेल तर तिथं पाठांतर चालतं. लेकरांनी आपल्या शाळेबद्दल आपल्या शब्दांत बोलावं, ते लिहून ठेवावं, आणि त्यातलं थोडं तरी त्यांच्याच हातानं ठरावं, एवढी साधी गोष्ट आहे. ती आपण होऊ देत नाही.

आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून लागत नव्हती. ही गोष्ट मुलींनी बाईंना सांगितली, बाईंनी शिपायाला सांगितली, शिपाई म्हणाला उद्या बघतो. दिवाळी झाली, संक्रांत आली. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच विद्यार्थी मंडळाला दोनशे पानी वही आणून दिली आणि सांगितलं, सभा घ्या, इतिवृत्त लिहा, खाली मुख्याध्यापकांची सही घ्या. नववीतली एक मुलगी चिटणीस होती. तिचं अक्षर मोठं, प्रत्येक शब्दाला वेगळी शिरोरेषा. तिनं लिहिलं: ‘विषय क्रमांक दोन. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली आहे. एकजण आत गेली की दुसरीला दार धरून उभं राहावं लागतं. आजपर्यंत तीनदा सांगितलं आहे. ठराव: कडी आठ दिवसांत बसवावी.’ खाली सूचक, अनुमोदक, दोघींची नावं. मुख्याध्यापकांनी वही वाचली, काही वेळ गप्प बसले, सही केली आणि चौथ्या दिवशी कडी बसली.

कडीची किंमत मला आठवत नाही, पण शंभराच्या आतलीच असेल. पैशांवाचून काहीच अडलेलं नव्हतं. तोंडानं सांगितलेली तक्रार वाऱ्यावर जाते, आणि त्या मुलीनं ती कागदावर आणली, तारीख घातली, ‘तीनदा’ हा शब्द लिहिला. हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. मी दहावीला पत्रलेखन शिकवतो: ‘मा. मुख्याध्यापक यांस, विषय अमुक अमुक.’ कल्पित शाळा, कल्पित विद्यार्थी, पूर्ण गुण. पण माझ्या एकाही विद्यार्थ्यानं त्या नमुन्यात ‘तीनदा’ लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. खरं मागायचं असल्याशिवाय तो शब्द सुचत नाही.

मराठवाड्यानं तर हे विसरायलाच नको. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळांत शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे, आणि त्या परवानगीच्या सरकारी हुकमाचं नाव, ‘गश्ती निशाण त्रेपन्न’, रागानं उच्चारणारी म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. राजकीय सभा घेता येत नाही म्हणून माणसं वाचनालय काढत, गणेशोत्सवात मेळे करत, साहित्याच्या निमित्तानं एकत्र येत. १९३८ साली औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत पोरांनी वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आलं. त्यातली कित्येक नागपूर विद्यापीठात जाऊन शिकली. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. म्हणजे आपल्या या मुलखात भाषेचं मंडळ आणि स्वराज्याचं मंडळ ही कधी दोन नव्हतीच. भाषा बोलू देत नाहीत आणि जमू देत नाहीत, हे एकाच दुखण्याचे दोन भाग होते.

दर १७ सप्टेंबरला आमची लेकरं मुक्तिसंग्रामावर भाषणं करतात. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव प्रत्येक भाषणात येतं. पण स्वामीजी आधी शिक्षक होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी पोरं शिकवली, हे विचारलं तर दहात एकाला सांगता येतं. ज्या लढ्याची बीजं शाळेच्या वर्गांत पडली, त्याचं स्मरण आपण एका वर्गाला चार मिनिटांची तोंडपाठ भाषणं देऊन करतो. ती भाषणंही बहुतेक वेळा शिक्षकांनीच लिहिलेली असतात.

या तोंडपाठ भाषणांबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण वाङ्मय मंडळाची खरी नासाडी इथं झाली. वक्तृत्व स्पर्धेचे विषय बघा: मोबाईल शाप की वरदान, लेक वाचवा, शेतकऱ्याची व्यथा, झाडे लावा. सुरुवात एका चारोळीनं, मध्ये दोन सुविचार, शेवटी हात वर. परीक्षक गुण देतात ते हावभावाला, उच्चारांना, वेळेला. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की गुण गेला. म्हणजे ज्या बोलीत लेकरू घरी भांडतं, हसतं, आईला मनातलं सांगतं, ती बोली स्टेजच्या पायरीवरच काढून ठेवायची. मग त्याच्याकडे उरतं काय? कुणीतरी लिहून दिलेलं.

एका तालुकास्तरीय स्पर्धेत आठवीतला माझा एक विद्यार्थी ‘शेतकऱ्याची व्यथा’ म्हणताना मध्येच विसरला. तो जागच्या जागी उभा राहिला, कान लाल, हात पाठीमागं. भाषण मी लिहून दिलं होतं, त्यातली ‘बळीराजा’वाली ओळ त्याला आठवेना. खाली उतरल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि सहज विचारलं, तुझ्याकडं औंदा सोयाबीनचं काय झालं? तो बोलायला लागला. काढणीच्या वेळी पाऊस लागला, शेंगांना कोंब फुटले, मळणीयंत्रवाल्यानं आधी पैसे मागितले, आडतीवर भिजलेला माल म्हणून भाव पाडला, बापानं ते पोतं घरी परत आणलं आणि अजून ते पडवीतच आहे. दहा मिनिटं तो बोलला. एकदाही अडखळला नाही. ज्या विषयावर तो स्टेजवर मुका झाला, त्याच विषयावर तो माझ्यापेक्षा जास्त जाणत होता. त्या दिवसापासून मी लेकरांना भाषण लिहून देणं बंद केलं. बक्षिसं कमी झाली. त्याचं मला वाईट वाटत नाही.

लिहिण्याचंही तसंच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो दुष्काळ आमच्याकडंही होता. त्या वर्षी भित्तिपत्रकाला मी ‘पाणी’ हा विषय दिला आणि पहिल्या खेपेला सगळ्यांनी ‘पाणी म्हणजे जीवन’ लिहून आणलं. मी कागद परत केले आणि म्हटलं, पाणी कोणत्या वारी येतं तेवढंच लिहा. सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं: ‘टँकर बुधवारी येतो म्हणतात. येतो शुक्रवारी. बुधवारी मी शाळेत येत नाही कारण टँकर येणार असतो. शुक्रवारी येत नाही कारण तो आलेला असतो.’ चार वाक्यं. हजेरीपटावर तिच्या नावापुढं असलेल्या गैरहजेरीचा अर्थ मला त्या भिंतीवर कळला. तो कागद आम्ही ग्रामपंचायतीत नेला. ग्रामसेवकांनी टँकरचा वार पाळायचा प्रयत्न केला. पूर्ण जमलं नाही, थोडं जमलं. पण लिहिलेल्या गोष्टीनं गावात काहीतरी हलतं, हे त्या मुलीनं आणि तिच्या वर्गानं पाहिलं. वाङ्मय मंडळाचं काम म्हणतो ते हे.

आता लोक म्हणतात, शाळेत निवडणुका घेतल्या की राजकारण शिरेल. हे म्हणणाऱ्यांचं भय खोटं नाही. आमच्याकडं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भावकी फुटते, दोन सख्खे भाऊ वर्षभर बोलत नाहीत. कॉलेजांच्या निवडणुकांत एके काळी जी गुंडगिरी झाली, तिच्यामुळेच त्या महाराष्ट्रात बंद पडल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात पुन्हा थेट निवडणुकीची तरतूद झाली, तरी त्या निवडणुका लांबतच गेल्या. मग हायस्कुलात हे लोण कशाला?

मी उलट विचारतो. आज वर्गप्रतिनिधी कोण होतो? वर्गात पहिला आलेला, किंवा सरांच्या मर्जीतला, किंवा संस्थेतल्या कुणाचा तरी नातेवाईक. यात राजकारण नाही असं कोण म्हणेल? आहेच, फक्त ते मोठ्यांचं आहे आणि लेकरं ते मुकाट बघतात. पद वरून मिळतं, ते कुणाच्या तरी ओळखीनं मिळतं, हा धडा ती वयाच्या बाराव्या वर्षी शिकतात आणि पुढं जन्मभर गिरवतात.

आम्ही काही वर्षं अर्धे प्रतिनिधी गुप्त मतदानानं आणि अर्धे चिठ्ठी टाकून निवडतो. मतदानात बोलकी, लोकप्रिय लेकरं येतात. ती यायला हवीतच. पण चिठ्ठीत शेवटच्या बाकावरचं लेकरू येतं, ज्याला कुणी कधी मत दिलं नसतं. चिठ्ठीनं आलेला एक मुलगा पहिल्या दोन सभांत काही बोलला नाही. तिसऱ्या सभेत त्यानं विचारलं, सहलीचे पैसे ज्यांच्याकडं नाहीत त्यांची नावं वर्गात मोठ्यानं का वाचतात? हा प्रश्न लोकप्रिय लेकराला सुचला नसता. त्याला पैसे भरायला अडचणच नव्हती. ही पद्धत सगळीकडं चालेल असा माझा दावा नाही, पण ‘निवडणूक की नेमणूक’ या दोनच वाटा आहेत हे मला मान्य नाही.

आणि जात. तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मराठवाड्यातल्या शाळेवर लिहिणं म्हणजे अर्धं लिहिणं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या काळात हा मुलूख पेटलेला आहे; १९७८ सालचा ठराव अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. आता २०२३ नंतर आरक्षणाच्या प्रश्नानं गावागावांत जो ताण आला, तो माझ्या वर्गातही आला. पाचवीपासून एका बाकावर बसणारी दोन पोरं नववीत वेगळी बसायला लागली. मोबाईलवर दोघांनाही रोज काय काय येत होतं ते मला दिसत होतं. वर्गात मी हा विषय काढला असता तर सर कुणाच्या बाजूचे, एवढंच त्यांनी ऐकलं असतं. शाळेच्या हस्तलिखित अंकाच्या कामात मात्र दोघांना एकाच लेखाचं संपादन आलं. गावातल्या दोन म्हाताऱ्यांशी बोलून जुन्या बारवेची माहिती लिहायची होती. एकाचे आजोबा एका आळीतले, दुसऱ्याचे दुसऱ्या. लेख पूर्ण झाला. बाकं अजून वेगळीच आहेत, पण मधल्या सुट्टीत बोलणं सुरू झालंय. याहून जास्त मी सांगणार नाही, कारण याहून जास्त झालेलं नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. लातूर पॅटर्ननं या भागाला आत्मविश्वास दिला, हे मी मनापासून मानतो. आमच्यासारख्या मागास म्हटल्या जाणाऱ्या मुलखातली पोरं मेहनतीच्या बळावर डॉक्टर-इंजिनिअर झाली. पण त्याची नक्कल खाली खाली उतरत आता आठवीपर्यंत आली आहे. फाउंडेशन बॅच, सराव चाचण्या, रविवारीही क्लास. त्यात वाङ्मय मंडळ म्हणजे वेळेचा अपव्यय ठरतो. पालक मला विचारतात, सर, याचा नीटला उपयोग काय? थेट उपयोग नाही, हे मी त्यांना तसंच सांगतो. मात्र पुढं तालुक्याच्या दवाखान्यात बसून त्याला पेशंटच्या आजीचं म्हणणं ऐकून घ्यायचं आहे, तिला समजेल असं सांगायचं आहे, त्याची सवय त्याला कधी लागणार? नांदेडच्या शाळेत शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांना ऐकायला पुढं गावोगाव माणसं गर्दी करत. समोरच्याला कळेल असं बोलण्याचा सराव माणसाला वर्गातच होतो, शिक्षकाला होतो तसा विद्यार्थ्यालाही होऊ शकतो.

आपल्याकडं मतदानाचं वय अठरा. दहावी सुटताना लेकरू पंधरा-सोळाचं असतं, आणि त्यातल्या बऱ्याच मुली तिथंच थांबतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत माझ्या परभणी जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या ४८ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. या मुलींना सभेत उभं राहून ‘मला हे मान्य नाही’ म्हणण्याची संधी शाळेत मिळाली नाही, तर नंतर कोण देणार आहे? पुढं एकविसाव्या वर्षी यातलीच एखादी राखीव जागेवर सरपंच होते आणि सभेत तिच्या शेजारी खुर्ची टाकून नवरा बसतो. इतिवृत्तावर सही तिची, मजकूर त्याचा. आपण याला तिचा कमीपणा समजतो. तिला इतिवृत्त लिहायला कुणी कधी शिकवलंच नाही, हे कुणी म्हणत नाही.

कायद्याच्या बाजूनं अडचण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली, त्यात तीन चतुर्थांश पालक, आणि महाराष्ट्रात त्या समितीत विद्यार्थ्यांनाही जागा आहे. मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे संयुक्त राष्ट्रांच्या ज्या बालहक्क संहितेत लिहिलंय ती भारतानं १९९२ मध्येच स्वीकारली. पण समितीच्या बैठकीला त्या विद्यार्थ्यांना किती ठिकाणी बोलावतात, हे प्रत्येक मुख्याध्यापकानं आपापल्या मनाला विचारावं.

खरी अडचण वेळेची आहे, आणि ती सहज सुटण्यासारखी आहे. ही मंडळं आपण शाळा सुटल्यावर ठेवतो. शाळा सुटल्यावर कोण थांबू शकतं? गावातलं, ज्याचं घर जवळ आहे ते, आणि बहुतेक मुलगेच. वाडी-तांड्यावरच्या मुलींना मानव विकास योजनेची, मुलींना शाळेत नेणारी निळी बस पकडायची असते. ती चुकली की घरी बोलणी, आणि दोनदा चुकली की शाळाच बंद. म्हणून सभा आणि वाङ्मय मंडळ दोन्ही वेळापत्रकात हवीत. शनिवारी शाळा सकाळची असते, तिच्या शेवटच्या दोन तासिका याला द्या. आम्ही दिल्या. गणिताच्या सरांनी कुरकुर केली, मग तेच हिशेब तपासायला बसू लागले. कारण मंडळाला वर्षाचे दोन हजार रुपये आम्ही देतो आणि त्याचा जमाखर्च लेकरं लिहितात.

स्नेहसंमेलनाचंही तेच. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग घेण्याची रीत आहे. बीड, परभणीकडच्या कित्येक गावांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात, लेकरंही जातात, किंवा मागं राहून हंगामी वसतिगृहात जेवून धाकट्यांना सांभाळतात. वर्गाचा एक हिस्सा फडावर असताना आपण ‘सर्वांच्या कलागुणांना वाव’ असा बॅनर लावतो. आमच्या मंडळानं गेल्या वर्षी ठराव केला की हस्तलिखिताचं प्रकाशन ऑक्टोबरातच, टोळ्या निघायच्या आधी व्हावं. सूचक होता तो मुलगा, ज्याचं नाव त्याच्या आधीच्या कुठल्याही अंकात नव्हतं. अंकाला उशीर होईल, शाई वाळायलाही वेळ नाही, अशी मोठ्यांची ओरड झाली. अंक २३ पानांचा निघाला, दरवर्षीपेक्षा पातळ, पण त्यात सात लेखक असे होते जे महिनाभरानं पश्चिम महाराष्ट्रात पाचटाच्या कोपीत होते. अंकाची एक झेरॉक्स प्रत त्यांच्याबरोबर गेली.

शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, मान्य. जागा रिकाम्या आहेत, ऑनलाइन माहित्या भरता भरता दिवस जातो, निवडणुकीची कामं वेगळीच. पण या मंडळांना शिक्षक लागतो तो मागच्या बाकावर बसायला. सभा अध्यक्ष चालवतो, इतिवृत्त चिटणीस लिहिते, भांडण झालं तर मतदान होतं. आपल्याला गप्प बसणं तेवढं जमलं पाहिजे, आणि बावीस वर्षं बोलून पोट भरलेल्या माणसाला तेच अवघड जातं.

येत्या शनिवारच्या सभेची विषयपत्रिका आज माझ्या टेबलावर आली. पहिला विषय, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. दुसरा, पाण्याच्या टाकीचं झाकण. तिसरा नव्या चिटणीसाच्या बारीक अक्षरात आहे: ‘ग्रंथालयाच्या कपाटाची चावी फक्त सरांकडे का असते? सर रजेवर असले की पुस्तकं मिळत नाहीत. या महिन्यात पाच दिवस मिळाली नाहीत.’ सभेत मला मागच्या बाकावरून उठून याचं उत्तर द्यायचं आहे, आणि ते वहीत लिहिलं जाणार आहे.